दोन टक्क्यांचा क्लब: ‘फॅट टोनी’ सालेर्नो आणि न्यूयॉर्कचं काँक्रीट

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये काँक्रीटचं २० लाख डॉलरपेक्षा मोठं काम घ्यायचं असेल, तर ठेकेदाराला कंत्राटाच्या रकमेचे दोन टक्के माफियाला मोजावे लागत. बरं, पैसे मोजायची तयारी असली म्हणून काम मिळेलच असंही नव्हतं. कोणतं काम कोणत्या कंपनीने करायचं हे टेंडर उघडण्याआधीच ठरलेलं असे. ही व्यवस्था चालवणाऱ्यांतलं एक मोठं नाव म्हणजे अँथनी सालेर्नो. सिगार, फेल्ट हॅट, हातात काठी आणि अवाढव्य देह, म्हणून ‘फॅट टोनी’. १९८६ मध्ये ‘फॉर्च्युन’ मासिकाने अमेरिकेतल्या माफिया म्होरक्यांची यादी छापली, तेव्हा पहिला क्रमांक त्याचा होता.

माफियावरचं बहुतेक लिखाण खुनांच्या भोवती फिरतं. सालेर्नोचं प्रकरण समजून घ्यायचं तर हिशेब बघावा लागतो, कारण त्याची खरी ताकद शहराच्या रोजच्या व्यवहारात शिरलेल्या टक्केवारीत होती. आणि ही टक्केवारी कोर्टात सिद्ध कशी करायची, हा सरकारपुढचा पेच खुनाच्या तपासापेक्षाही अवघड होता.

आकडा आणि व्याज

सालेर्नोचा जन्म १५ ऑगस्ट १९११ चा, मॅनहॅटनच्या ईस्ट हार्लेममधला. तेव्हा ही इटालियन स्थलांतरितांची मोठी वस्ती होती. लकी लुचियानोने उभ्या केलेल्या आणि पुढे ‘जेनोव्हेझे कुटुंब’ म्हणून ओळखल्या गेलेल्या टोळीत तो तरुणपणीच शिरला. इथे ‘कुटुंब’ म्हणजे रक्ताचं नातं नाही. वर बॉस, त्याच्या हाताखाली अंडरबॉस, सल्ला द्यायला कॉन्सिलिएरे, मग कापो म्हणजे एकेका तुकडीचे नायक आणि तळाशी सोल्जर, अशी ती उतरंड. न्यूयॉर्कमध्ये अशी पाच कुटुंबं होती: जेनोव्हेझे, गॅम्बिनो, लुकेझी, कोलंबो आणि बोनानो.

हार्लेममध्ये त्याने पैसा केला तो ‘नंबर्स’वर. गिऱ्हाईक ००० ते ९९९ मधला कोणताही तीन अंकी आकडा लावणार. विजयी आकडा घोड्यांच्या शर्यतीत त्या दिवशी झालेल्या एकूण बेटिंगच्या रकमेतल्या शेवटच्या अंकांवरून काढायचा. ही रक्कम दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येई, त्यामुळे आकड्यात हातचलाखी झाली असं कुणी म्हणू शकत नसे. शक्यता हजार आणि जिंकणाऱ्याला मिळणार साधारण ६०० पट. म्हणजे हजार जणांनी एकेक डॉलर लावला तर वाटायचे ६०० आणि हातात राहायचे ४००. त्यातून आकडे गोळा करणाऱ्यांचं कमिशन आणि पोलिसांचे हप्ते गेले तरी उरलेली रक्कम रोजची, रोख आणि करमुक्त. मुंबईकराला हे गणित वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मटक्याच्या आधीचा मुंबईचा आकडा तर चक्क न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या उघडत्या-बंद होत्या भावांवरच लागायचा.

या रोकडीचं पुढे काय करायचं? व्याजाने फिरवायची. गल्लीतला दर होता ‘पाचाचे सहा’: आज पाच डॉलर घ्या, पुढच्या आठवड्यात सहा परत करा. आठवड्याला २० टक्के. ज्याला बँक दारात उभं करत नाही असा दुकानदार, जुगारात हरलेला माणूस, मजुरांचा पगार थकलेला छोटा ठेकेदार, हे सगळे या सावकारीचे ऋणको. मुद्दल फिटलं नाही की माफिया धंद्यातच भागीदार होई. वैध उद्योगांत शिरायच्या अनेक वाटांपैकी ही एक, आणि माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिली गेलेली.

इतक्या वर्षांत कायद्याने त्याला जवळपास हातच लावला नाही. १९५९ मध्ये यांकी स्टेडियमवर फ्लॉइड पॅटरसन आणि इंगेमार योहान्सन यांची हेवीवेट विजेतेपदाची लढत झाली, तिच्यात त्याचा पडद्याआडून पैसा असल्याची बरीच चर्चा झाली; आरोप मात्र ठेवला गेला नाही. १९७८ मध्ये जुगार आणि करचुकवेगिरीचा गुन्हा त्याने कबूल केला, त्याची शिक्षा फक्त सहा महिने. १९८१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेक गावचं शेत आणि ईस्ट ११५ व्या रस्त्यावरचा ‘पाल्मा बॉइज सोशल क्लब’ या दोन ठिकाणी त्याचा मुक्काम असे. क्लब कसला, रस्त्याकडेचा साधा गाळा. दाराबाहेर खुर्ची टाकून तो सिगार ओढत बसे आणि लोक भेटायला येत.

काँक्रीटच का?

स्टील उशिरा आलं तर ते गोदामात पडून राहतं, काच उशिरा आली तर नंतर बसवता येते. रेडीमिक्स काँक्रीटचं तसं नाही. सिमेंटला पाणी लागलं की रासायनिक क्रिया सुरू होते आणि ती कुणासाठी थांबत नाही. अमेरिकेतला रूढ नियम सांगतो की पाणी मिसळल्यापासून साधारण ९० मिनिटांच्या आत माल ओतून झाला पाहिजे. ट्रान्झिट मिक्सरच्या एका गाडीत सात-आठ घनमीटर माल मावतो. उंच इमारतीचा एक स्लॅब भरायला अशा गाड्यांची रांग लागते आणि दोन गाड्यांमधलं अंतर मिनिटांत मोजलं जातं. मधली गाडी अडली, तर आधी ओतलेला थर घट्ट व्हायला लागतो, नंतरचा माल त्याच्याशी एकजीव होत नाही आणि स्लॅबमध्ये कच्चा सांधा राहतो. मग तो भाग फोडा, साफ करा, पुन्हा भरा.

आता मालकाची बाजू बघा. त्याने बँकेचं कर्ज काढलेलं असतं, व्याज रोज चढत असतं. मॅनहॅटनमधले ठेकेदार त्या काळी दोन दिवसांत एक मजला चढवायच्या वेगाने काम करत. सांगाडा अडला की त्यामागचे प्लंबर, इलेक्ट्रिशियन, काचवाले सगळेच अडतात. त्यामुळे काँक्रीट थांबवू शकणाऱ्या माणसाला बंदूक काढावी लागत नाही. आज गाडी जरा उशिरा येईल, एवढं त्याने म्हटलं की पुरे.

गाडी उशिरा आणायची किल्ली कामगार संघटनांकडे होती. काँक्रीट ओतणारे मजूर ज्या संघटनांमध्ये होते, त्यांच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा अध्यक्ष होता राल्फ स्कोपो. हा कोलंबो कुटुंबाचा माणूस. काँक्रीटच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर टीमस्टर्स या देशव्यापी संघटनेच्या ‘लोकल २८२’ या स्थानिक शाखेत, आणि तिच्यावर गॅम्बिनोंचा प्रभाव. संघटना हातात असली की छळाचे प्रकार कितीतरी. ठरलेल्या वेळी मजूर कमी पाठवायचे. सुरक्षेचं कारण काढून काम बंद पाडायचं. गाडी फाटकाशी येऊनही उतरवायला नकार द्यायचा. उलट, पैसे देणाऱ्या ठेकेदाराला करारातली कलमं वाकवून देता येतात: संघटनेबाहेरचे स्वस्त मजूर चालवून घ्यायचे, कामगारांच्या कल्याण निधीत भरायच्या पैशांकडे काणाडोळा करायचा. हे पैसे शेवटी त्याच मजुराच्या आजारपणाचे आणि म्हातारपणाचे. या सगळ्या कथेत ज्याचं नाव कुठल्याच आरोपपत्रात ठळकपणे येत नाही आणि ज्याचं नुकसान सर्वांत जास्त झालं, तो हा काँक्रीट ओतणारा माणूस.

क्लबचा हिशेब

कोर्टात मांडलेल्या पुराव्यानुसार रचना अशी होती. २० लाख डॉलरपर्यंतची कामं लहान. त्यांत स्कोपोमार्फत कोलंबो कुटुंबाला एक टक्का जाई. २० लाखांच्या वर गेलं की काम ‘क्लब’चं. क्लबमध्ये मोजक्या काँक्रीट कंपन्या, आणि त्यांच्यावर चार कुटुंबांचं नियंत्रण. दर दोन टक्के. पाचवं कुटुंब, बोनानो, या वाटणीत नव्हतं. जो पिस्टोन नावाचा एफबीआय अधिकारी वेष पालटून काही वर्षं त्यांच्यात राहून गेला होता. तो १९८१ मध्ये बाहेर पडल्यावर बोनानोंची पत पार गेली.

समजा एक काम एक कोटी डॉलरचं आहे. क्लब ठरवतो की या वेळी पाळी ‘अ’ कंपनीची. ‘अ’ आपला आकडा बाकीच्यांना कळवते आणि बाकीच्या कंपन्या मुद्दाम त्याहून चढी टेंडरं भरतात. मालकापुढे कागदोपत्री चार-पाच टेंडरं येतात, त्यातलं सर्वांत कमी ‘अ’चं. आपल्याकडे ज्याला टेंडर मॅनेज करणं म्हणतात, तेच. एक कोटीचे दोन टक्के म्हणजे दोन लाख डॉलर. ही रक्कम रोखीत लागते आणि कंपनीचा व्यवहार तर चेकचा. त्यामुळे न झालेल्या कामाची खोटी बिलं दाखवून रोकड काढणं हा अशा धंद्यातला नेहमीचा मार्ग.

दोन टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. फसगत होते ती इथेच. मालकाचं खरं नुकसान त्या दोन टक्क्यांत मावत नाही. स्पर्धाच उरली नाही की ‘अ’ कंपनी आपला दर वाटेल तितका चढवू शकते. दोन टक्के माफियाचे, त्यावरचा फुगवटा ठेकेदाराचा. म्हणून क्लबमधल्या कंपन्यांना फक्त खंडणीचे बळी म्हणणं मला पटत नाही. त्यांना पाळीने खात्रीचं काम मिळत होतं, बाहेरचा प्रतिस्पर्धी आत येत नव्हता आणि मजुरांचा संप होत नव्हता. भीती होती, तसा नफाही होता. या दोन्हींच्या मिश्रणावरच व्यवस्था टिकली, कारण तक्रार करण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

क्लबबाहेरचा कुणी मध्ये आला तर? एफबीआयने स्कोपोच्या मोटारीत ध्वनियंत्र बसवलं होतं. त्यात एका छोट्या ठेकेदाराशी झालेलं बोलणं सापडलं. एका कामातलं काँक्रीट १२० लाख डॉलरचं आहे, ते मला का घेता येणार नाही, असं तो विचारतो. २० लाखांच्या वर आहे म्हणून, हे उत्तर. मग मी कुणाला भेटू? प्रत्येक कुटुंबाला भेटावं लागेल आणि ते नाहीच म्हणतील, तेव्हा त्या फंदात पडू नकोस, असा स्कोपोचा सल्ला. आवाज चढलेला नाही, धमकी नाही. परवाना कार्यालयातल्या कारकुनाने नियम सांगावा तसं तो सांगतो.

क्लबच्या वरही एक पायरी होती. एस अँड ए काँक्रीट या कंपनीत सालेर्नो आणि गॅम्बिनो कुटुंबाचा बॉस पॉल कॅस्टेलानो यांचा छुपा हिस्सा असल्याचं सरकारी वकिलांनी मांडलं, आणि सर्वांत मोठी कामं तिच्याकडे वळवली जात. म्हणजे टक्काही यांचा आणि ठेकाही यांचाच.

माणूस नाही, संघटना सिद्ध करायची

मजूर एका कुटुंबाच्या हातात, ड्रायव्हर दुसऱ्याच्या, कंपनी तिसऱ्याच्या. अशा धंद्यात तंटे होणारच. ते मिटवायला १९३१ पासून ‘कमिशन’ होतं, मुख्यतः न्यूयॉर्कच्या कुटुंबांच्या बॉसांचं मंडळ. सालेर्नो तिथे जेनोव्हेझेंच्या वतीने बसे.

जुन्या फौजदारी कायद्याने इथवर पोचणं जवळजवळ अशक्य होतं. बॉस स्वतः काहीच करत नाही. पैसे घेतो तिसरा, धमकी देतो चौथा. म्हणून १९७० मध्ये ‘रिको’ हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा झाला. त्याचं तत्त्व असं की आरोपी एखाद्या ‘उपक्रमा’त सामील आहे आणि त्यातून दहा वर्षांच्या आत किमान दोन ठरावीक गुन्हे घडले आहेत, हे दाखवता आलं तर त्या सहभागासाठीच शिक्षा करता येते. ठरावीक गुन्ह्यांच्या यादीत खंडणी, लाचखोरी, खून, बेकायदा सावकारी असं बरंच काही आहे. महाराष्ट्रातल्या १९९९ च्या मकोकाची ओळख असलेल्यांना हा साचा परिचयाचा वाटेल: तिथेही दहा वर्षांची मुदत, एकाहून अधिक आरोपपत्रं आणि चोरून ऐकलेल्या संभाषणाला पुराव्याचा दर्जा. कायदा हाती आला तरी सरकारी वकिलांना त्याचा पुरता उपयोग करायला दहा वर्षं लागली. १९८० मध्ये जेनोव्हेझेंचा फ्रँक टिएरी हा रिकोखाली दोषी ठरलेला पहिला कुटुंबप्रमुख.

पुरावा जमवायचा तो त्यांच्याच तोंडून. पाल्मा बॉइज क्लबात एफबीआयने ध्वनियंत्र बसवलं. लुकेझी कुटुंबाचा बॉस टोनी कोरालो ज्या जॅग्वार मोटारीतून फिरे, तिच्यात राज्याच्या तपास पथकाने. कॅस्टेलानोच्या स्टेटन आयलंडवरच्या बंगल्यातही एक. या कामात कायदेशीर चूक झाली तर सगळं मुसळ केरात. न्यायाधीशाला आधी पटवावं लागतं की पाळत, खबरे, साक्षीदार हे साधे मार्ग पुरे पडत नाहीत. परवानगी एका वेळी ३० दिवसांची, पुढे हवी असेल तर पुन्हा अर्ज. बोलणं खाजगी वळणावर गेलं की ऐकणं थांबवायचं. मुदत संपताच मूळ टेपा न्यायाधीशापुढे सीलबंद करायच्या. त्याला उशीर झाला आणि समाधानकारक कारण देता आलं नाही, तर त्या टेपा पुराव्यातून बाद होऊ शकतात.

टेपांमधला सालेर्नो कुरकुरा म्हातारा वाटतो. तरुण पोरांना मान ठेवता येत नाही, मी नसतो तर ही टोळीच उरली नसती, असं म्हणणारा. पण त्याच गप्पांत क्लीव्हलँडच्या माफियाची माणसं टीमस्टर्सच्या राष्ट्रीय अध्यक्षपदाविषयी बोलायला येतात आणि कमिशनवर कोणाला बसू द्यायचं याचा खल होतो. सरकारला हवा होता तो हाच भाग.

१०० वर्षं

फेब्रुवारी १९८५ मध्ये कमिशनच्या कारभाराबद्दल सालेर्नो, कॅस्टेलानो, कोरालो, स्कोपो आणि इतरांवर आरोपपत्र दाखल झालं. कॅस्टेलानो खटला उभा राहीपर्यंत जगला नाही. १६ डिसेंबर १९८५ ला मॅनहॅटनमधल्या स्पार्क्स स्टेक हाउसच्या दारात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. सप्टेंबर १९८६ मध्ये न्यायाधीश रिचर्ड ओवेन यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. सरकारी बाजू मायकल चेर्टॉफ यांनी मांडली. त्यांचे वरिष्ठ रुडी जुलियानी. बचाव पक्षाने धाडसी पवित्रा घेतला: माफिया आहे, कमिशनही आहे, पण त्याचं सदस्य असणं हा गुन्हा नाही. हा डाव अंगाशी आला. संघटनेचं अस्तित्व मान्य केल्यावर ज्यूरीपुढे प्रश्न उरला तो या संघटनेने काय केलं एवढाच, आणि त्याचं उत्तर टेपांत होतं. १९ नोव्हेंबर १९८६ ला आठही आरोपी दोषी ठरले. १३ जानेवारी १९८७ ला सालेर्नोसह सात जणांना प्रत्येकी १०० वर्षांची शिक्षा झाली. सालेर्नो तेव्हा ७५ वर्षांचा होता. त्याला २ लाख ४० हजार डॉलर दंडही झाला.

त्याला शिक्षा झाली ती जेनोव्हेझे कुटुंबाचा बॉस म्हणून. प्रत्यक्षात बॉस दुसराच होता. सालेर्नोचा अनेक वर्षांचा उजवा हात व्हिन्सेंट काफारो सरकारला फितूर झाला आणि त्याने सांगितलं की सूत्रं व्हिन्सेंट जिगांतेकडे आहेत. सालेर्नो हा पुढे केलेला चेहरा. जिगांते वेडाचं सोंग घेऊन बाथरोबमध्ये ग्रीनिच व्हिलेजच्या रस्त्यांवर फिरे. ते सोंग असल्याची कबुली त्याने २००३ मध्ये कोर्टात दिली. अशा मांडणीचा उपयोग सरळ आहे. पोलिसांचं सगळं लक्ष सिगार ओढणाऱ्या जाड्या माणसावर आणि खरा मालक सावलीत. याने सालेर्नोचा गुन्हा मात्र हलका होत नाही, कारण कमिशनच्या बैठकांना तोच बसत होता आणि काँक्रीटच्या पैशाशी त्याचाच संबंध टेपांत आला होता.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असतं ते वेगळ्या कारणाने. मार्च १९८६ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात त्याला आणि काफारोला अटक झाली, तेव्हा सरकारने जामिनाला विरोध केला. तो पळून जाईल हे कारण दिलंच नाही. समाजाला धोका आहे, एवढंच म्हटलं. गुन्हा सिद्ध होण्याआधी केवळ संभाव्य धोक्यासाठी माणसाला डांबून ठेवता येतं का? अपील न्यायालय नाही म्हणालं. २६ मे १९८७ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी १९८४ चा जामीन कायदा उचलून धरला. निकाल आला तोवर सालेर्नोला १०० वर्षांची शिक्षा होऊन गेली होती. अमेरिकेत आजही कुणाला धोकादायक ठरवून जामीन नाकारायचा असेल तर सरकारी वकील याच खटल्याचा आधार घेतात. असा अधिकार माफियाच्या म्होरक्यासाठी मिळवला की तो इतरांवरही वापरला जातो, हे अल्पमतातल्या न्यायमूर्तींनी तेव्हाच बजावलं होतं. मला त्यांची काळजी रास्त वाटते.

१९८८ मध्ये काँक्रीटच्या टेंडरांसंबंधीच्याच दुसऱ्या खटल्यात त्याला आणखी ७० वर्षं झाली. २७ जुलै १९९२ ला मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या तुरुंग रुग्णालयात तो मरण पावला.

एवढ्याने गाड्या वेळेवर यायला लागल्या का? नाही. स्कोपो तुरुंगात गेला तरी संघटनेची खुर्ची होती, आणि तिच्यावर आपला माणूस बसवायला कुटुंबंही होती. म्हणून सरकारने रिकोचा दिवाणी भाग वापरला. यात तुरुंगवास नसतो. संघटनेचा कारभारच न्यायालयाच्या देखरेखीखाली आणला जातो. १९८७ मध्ये काँक्रीट मजुरांच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर विश्वस्त नेमला गेला. १९८९ मध्ये टीमस्टर्सच्या राष्ट्रीय संघटनेने सरकारशी करार केला. तोवर अध्यक्ष प्रतिनिधींच्या अधिवेशनात ठरत असे, आणि थोड्या प्रतिनिधींना वळवणं माफियाला जमत होतं. करारानंतर तो लाखो सदस्यांच्या थेट, गुप्त मतदानाने निवडला जाऊ लागला. काँक्रीटच्या ड्रायव्हरांच्या लोकल २८२ वर विश्वस्त यायला १९९५ साल लागलं. टीमस्टर्सवरची सरकारी देखरेख उठली ती २०२० मध्ये.